आभाळातले पाव्हणे आणि बारा शेळ्या

बायकोचं तेरावं होऊन चार दिवस झाले असतील. ओट्यावर मी आणि जावई बसलो होतो. जावई जवळा बाजार गावाकडं शाळेत विज्ञान शिकवतात. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या आणि लेकीला म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून जाववत नव्हतं, म्हणून दोघं आमच्याकडंच थांबले होते. जावयानं चहा संपवला, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं? आपण एकटेच आहोत का?"

मी म्हटलं, "दिसून न्हाई राहिलं का तुमाला?"

"तसं न्हाई मामा. म्हणजे ह्या विश्वात. दुसरीकडं कुठं बुद्धिमान जीव असतील का?"

घरातून लेक ओरडली, "अवो, काय इचारावं, कोणाला इचारावं, कवा इचारावं!"

नंतर कळलं की सुट्ट्या संपल्यावर जावयाला शाळेत ह्या विषयावर भाषण करायचं होतं, आणि त्याची तालीम ते माझ्यावर करत होते. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, ती ही. पण खरं सांगतो, गाढवानं कान टवकारले. कारण पंधरा-वीस दिवस येणारा प्रत्येक माणूस त्याच ओट्यावर बसून मला एकच वाक्य ऐकवत होता, की देवाच्या मनात होतं. जावई निदान काहीतरी वेगळं बोलत होते.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मोठाल्या परातींसारखी यंत्रं करून लोकांनी आभाळाकडं तोंड करून ठेवली आहेत. तिकडून कोणी काही बोललं तर ऐकू यावं म्हणून. मी विचारलं, "किती दिवस झाले ऐकून राहिले?"

"तुमच्या लहानपणापासून म्हणा."

"मग? कोणी काय बोललं?"

"अजून न्हाई."

मी मनात हिशेब केला. माझ्या जन्मात मी दोन घरं बांधली, एक विहीर खोदली, एक लेक उजवली, बायको पोचवली. तेवढ्या वेळात ह्या शिकलेल्या लोकांनी काय केलं, तर कान लावून बसले. आणि आमच्या गावात ओट्यावर बसणाऱ्याला रिकामटेकडा म्हणतात.

जावई म्हणाले, अडचणी फार आहेत. तारे मोजता येत नाहीत इतके आहेत, कोणत्या ताऱ्याकडं कान करायचा ते कळत नाही. रेडिओचा काटा फिरवतो तसा काटा असतो, तो कुठं ठेवायचा ते माहीत नाही. मध्येच कधी खरखर ऐकू येते, सगळे नाचायला लागतात, आणि मग कळतं की ती आपल्याच कुठल्या तरी यंत्राची होती. हे मला पटलं. आमच्याकडं पण रात्री भूत म्हणून ओरडतात, आणि सकाळी स्वतःचाच बैल सुटलेला असतो.

"ते बोलले तर कोणत्या भाषेत बोलतील?" मी विचारलं.

"गणितात, मामा. आकड्यांत. गणित सगळीकडं एकच."

"मग मला हाक मारली तर मी ओ देणार न्हाई. गणितापायीच शाळा सोडली मी."

जावई हसले. पण माझं खोटं नव्हतं. हाक मारणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलं की समोरचा आपल्या शाळेत शिकलेला असणार. नसला तर त्याला बुद्धी नाही!

दुसरं असं की हे लोक नुसतं ऐकतात, फारसं कोणी हाक मारत नाही. त्यावरून त्यांच्यात भांडण आहे. काही म्हणतात हाक मारा, काही म्हणतात मारू नका, ऐकणारा चांगला निघेल याची काय खात्री? आमच्या माळावर लांडगे आहेत, तेव्हा हे मला बराबर वाटलं. पण तिकडचेही असेच हुशार असले, तर तेही नुसतं ऐकत बसले असतील. सोयरिकीत होतं तसं. पोरीकडचे म्हणतात त्यांनी विचारावं, पोराकडचे म्हणतात त्यांनी निरोप धाडावा. दोन्हीकडं पोहे भिजवून ठेवलेले, आणि पोरगी तिशीला येते.

सगळ्यात वाईट जावयानं शेवटी सांगितलं. अंतर इतकं आहे की तिकडून निघालेली हाक इथं पोचेपर्यंत पिढ्या जातात. ऐकू आली तरी हाक मारणारा तोपर्यंत असेल की नसेल, सांगता येत नाही.

मी उठलो आणि शेळ्या सोडायला गेलो.

शेळ्या तिच्या होत्या. बारा. मी शेतीचा माणूस, शेळ्यांकडं कधी बघितलं नाही, उलट त्यांच्या वासाचा राग करायचो. ती सकाळी त्यांना माळावर न्यायची आणि दिवस कलला की हाक मारून आणायची. बाराच्या बारा यायच्या. घरात तिचं पुष्कळ राहिलं होतं, लुगडी होती, डबे होते, पितळी होती. पण हलणारं, ओरडणारं असं तिचं एवढंच होतं.

ती गेल्यावर मी न्यायला लागलो. जाताना नीट जायच्या. परत बोलवायची वेळ आली की मी माळाच्या कडेला, खडकापाशी उभा राहून हाक मारायचो आणि एकही शेळी मान वर करायची नाही. मी घसा फुटेस्तोवर ओरडायचो. मग दगड मारत, शिव्या देत, पळत एकेक गोळा करायचो. ह्या वयात. जावयाशी हे बोलणं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी चार शेळ्या शेजाऱ्याच्या नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यात शिरल्या.

शेजारी संध्याकाळी आला. भला माणूस. बसला, तंबाखू मळली, म्हणाला, "आबा, तुमच्या दुःखात बोलू न्हाई. पन दोन ओळी साफ झाल्या."

"झाल्या, मला म्हाईत हाय."

"वैनी व्हती तवा एक पान गेलं न्हाई कवा. बालापूरच्या बाजारापातूर बगतो. मंग मी काई शेळ्यांसंगं बोलनार न्हाई, तुमच्यासंगं बोलंन."

तो गेल्यावर लेक म्हणाली, "बा, इकून टाका. तुमच्यानं व्हनार न्हाई ते."

"मंग माझ्यानं काय व्हतं ते सांग."

ती रडायला लागली. मी बाहेर गेलो. बाजाराला सात दिवस होते.

आता हाक कशी मारायची ते शिकणं आलं. मला वाटलं होतं, त्यात काय. चाळीस वर्षं रोज कानावर पडलेली हाक. तोंड उघडलं आणि कळलं की मला ती येत नाही. हुर्र होतं का, अर्र होतं? आधी लांब आणि मग आखूड, का उलटं? शेजारच्या बायांना विचारलं. एक म्हणाली, "या गं बायांनो म्हनायची." दुसरी म्हणाली, "छ्या! नुसती जीब वाजवायची." तिसरीनं डोळे पुसत तिसरंच काहीतरी करून दाखवलं, त्यावर तिचीच कोंबडी पळाली. आभाळातल्या पाव्हण्यांची गोष्ट सोडा. एका गल्लीतली बाई संध्याकाळी काय ओरडायची, ह्यावर गल्लीचं एकमत नव्हतं. आणि नवऱ्याला तर ऐकूच आलं नव्हतं.

जावयाला मात्र चेव आला. वही काढली, सगळ्या हाका लिहिल्या. "मामा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची." दोन दिवस मी खडकावर उभा राहून त्यांच्या वहीतल्या हाका मारल्या आणि ते प्रत्येकीपुढं फुली मारत गेले. सांगायला लाज वाटते, पण मी जीभसुद्धा वाजवली. शेळ्यांनी जावयाकडं बघितलं, माझ्याकडं नाही. त्यांनाही नवं माणूस करमणुकीचं वाटलं असेल.

तिसऱ्या दिवशी लेकीच्या मोबाईलमध्ये सापडलं. फाल्गुनात पळस फुलला होता तेव्हा लेकीनं माळावर त्याचा व्हिडिओ काढला होता, आणि फुलांच्या मागून तिच्या मायची हाक येत होती. जावई पळत कुठून तरी आवाजाचा मोठा डबा घेऊन आले. कलत्या उन्हात खडकावर डबा ठेवला आणि लावला.

बाराच्या बारा शेळ्या आल्या. पळत आल्या. डब्याभोवती उभ्या राहिल्या, डब्याला हुंगलं. म्हातारी शेळी खडकाच्या मागं जाऊन बघून आली, मग पुढं येऊन ओरडायला लागली. बाकीच्याही लागल्या. जावई आधी टाळ्या वाजवत होते. मग त्यांचे हात थांबले.

"बंद करा ते," मी म्हटलं.

"मामा, पण आल्या ना..."

"बंद करा म्हन्तो न."

दुसऱ्या दिवशी मी नको म्हणत असतानाही जावयानं डबा पुन्हा लावला. दोघींनी मान वर केली. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही केली. जावई म्हणाले, "आता काहून येईनात?" मी म्हटलं, "पाव्हणं, हाक हाय पन मानूस न्हाई, हे त्यांना दोन दिसात कळलं. तुमच्या परातवाल्यांस्नी सांगा, बुद्धी सापडली म्हनावं. हिंगोली जिल्ह्यात हाय."

पुढच्या दिवशी बाजार एका दिवसावर आला होता. त्या दुपारी जेवण झाल्यावर मी लेकीला म्हटलं, ते लाव. शेळ्यांना नाही, मला. तिनं लावलं. मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा विचारलं, "आवाज बारीक काहून होत जातो?"

"कारन माय चालून राहिली न बा. मी पळसापाशी उभी व्हते. ती पुढं गेली."

"हाक मारता मारता?"

"मंग? ती कुठं थांबायची? हाक मारायची, पाठ फिरवायची आन घराकडं लागायची. मागं तर बघायचीसुदा न्हाई."

एवढंच होतं. मी आणि जावई पाच-सहा दिवस कोणती हाक, कोणती हाक करत होतो. आणि उभं राहून वाट बघत होतो. वाट बघणाऱ्याकडं शेळी कशाला येईल? तो आहेच तिथं. जाणाऱ्याच्या मागं जायचं असतं.

मग मला माझंच आठवलं. मी शेतात असायचो तेव्हा ती बांधावर यायची, जेवायला चला म्हणायची आणि लगेच वळायची. चाळीस वर्षं मी पुटपुटत तिच्या पाठीमागं घरी आलो. कधी वाटलं नाही की मला बोलवून नेतात. मला वाटायचं, मला भूक लागली म्हणून मी चाललो. तेरावी शेळी मीच होतो.

त्या दिवशी माळावर जावई वही घेऊन निघाले. मी म्हटलं, तुम्ही गावाच्या तोंडाशी थांबा आणि मला काही सांगू नका. किती आल्या, कुठं आहेत, काही नाही. तिची हाक मी मारली नाही. ती मला येत नाही आणि आली असती तरी मारली नसती. मी माझी नेहमीची मारली, म्हणजे शिवीच. ती इथं लिहीत नाही. आणि पाठ फिरवली.

मागं न बघता चालणं सोपं नाही. मान आपोआप वळते. खडकापासून बाभळीपर्यंत मला काहीच ऐकू आलं नाही. बाभळीपाशी वाटलं म्हाताऱ्या शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली, पण ती दुसऱ्या कोणाच्या बैलाचीही असेल. जावयानं सांगितलेली खरखर आठवली, आपल्याच यंत्राची. चालत राहिलो. आपण किती मूर्ख दिसत असू, म्हातारा शिव्या देत एकटाच चालला आहे, असं वाटलं. मग वाटलं, दिसू दे.

अंगणात येऊन वळलो. मोजल्या. नऊ. म्हातारी शेळी सगळ्यात पुढं होती.

तीन माळावरच राहिल्या होत्या. जावयानं पळून पळून धरून आणल्या, एक चप्पल तिकडं गेली. लेकीनं नऊजणींकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "ह्या ऱ्हाऊ द्या बा. पन त्या तिघी उद्या न्या."

नेल्या. बालापूरच्या बाजारात घेणाऱ्यानं विचारलं, "हाकेला येतात का?" मी म्हटलं, "न्हाई. म्हनून तर इकून राहिलो." तो म्हणाला, "म्हातारबा, असं सांगून कोन इकतं?" पण घेतल्या. जाताना एकीनंही माझ्याकडं वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं, ते मी त्याला दाखवलं नाही.

सुट्ट्या संपल्या तशी लेक-जावई गेले. जाताना जावई म्हणाले, "मामा, भाषणात शेळ्यांचं सांगू का?" म्हटलं, सांगा, पण आभाळवाल्यांकडं पाठ फिरवून कुठं चालायचं ते आधी ठरवा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. उत्तर मलाही येत नाही. वरच्यांचं वरच्यांनी बघावं.

आता रोज ऊन कललं की मी खडकापाशी जातो, शिवी देतो आणि घराकडं वळतो. शेजाऱ्याचा हरभरा आता घाट्यांवर आला आहे. मागं कोण येतंय ते मी अंगणात पोचल्यावरच बघतो.