खाऱ्या पाण्यातलं आढं

माझं माहेर पालीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. सासर बोर्ली पंचतनपासून तासाभराच्या वाटेवर, समुद्राच्या अंगाला. वडील सुतार, सासरेही सुतार. तरी माझं लग्न ठरलं तेव्हा दोघं एकमेकांच्या घराकडे बघून मनातल्या मनात हसले होते. वडिलांना सासऱ्यांचं घर बुटकं वाटलं. छपराची कड इतकी खाली, की ओटीवर चढायला वाकावं लागे. सासऱ्यांना आमचं उंच, उतरत्या छपराचं घर म्हणजे वाऱ्याला आमंत्रण वाटलं.

"असलं घर आमच्याकडं बांधलं तर पहिल्या वादळात छप्पर शेजारच्या माडावर जाऊन बसेल," सासरे म्हणाले.

"आणि तुमचं आमच्याकडं बांधलं तर डोंगराचं पाणी सरायचं न्हाय," वडील म्हणाले.

दोघांचं बरोबर होतं. वडिलांचं लाकूड रानातलं. ऐन, किंजळ, साग. झाड वद्य पक्षात तोडायचं, वर्षभर सावलीत वाळवायचं, मग हत्यार लावायचं. सासऱ्यांकडे रान नव्हतं. त्यांच्याकडे माड, फणस, आणि समुद्र जे आणून टाकेल ते. मोडलेल्या पडावांच्या, म्हणजे मालाच्या शिडाच्या होड्यांच्या, फळ्यांचे दरवाजे त्यांनी गावभर बसवले होते. दोन्ही घरची सुतारकी माझ्या कानाला ओळखीची झाली, पण मला कुणी विचारण्याचा प्रश्न नव्हता. मी सून होते.

देश स्वतंत्र होऊन नऊ-दहा वर्षं झाली असतील. माझे यजमान मुंबईत कापडाच्या गिरणीत कामाला होते आणि होळी-गणपतीला तेवढे घरी येत. घरात सासरे, सासूबाई, मी आणि माझी नुकती बसायला लागलेली मुलगी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची.

त्या वर्षी मामंजींच्या घराला वाळवी लागली. आतून आढं, म्हणजे छपराच्या कण्यासारखं सगळ्यांत वरचं आडवं लाकूड, इतकं पोखरलं होतं की बोटानं दाबलं तर पापडासारखं मोडायचं. पंचक्रोशीतली घरं उभारणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर वाळवीनं खाल्लं, ही गोष्ट त्यांना फार लागली. लोकांत बसणं त्यांनी कमी केलं. दिवाळी झाल्यावर त्यांनी घर जोत्यापर्यंत उतरवलं आणि नवं बांधायला घेतलं. पूर्वी वर भाताचा पेंढा होता. आता यजमानांनी मंगळुरी कौलं पाठवली होती. बंदरावरून ती बैलगाड्यांनी आली आणि माडाखाली रचून ठेवली. तांबडी, नवी, जड कौलं.

प्रश्न आढ्याचा होता. एवढं लांब, सरळ लाकूड आणायचं कुठून?

दोन पावसाळ्यांपूर्वी खाडीच्या तोंडाशी मालाचा एक पडाव उलटला होता. तीन खलाशी गेले, त्यांतल्या एकाचा देह सापडलाच नाही. पडाव तिथंच गाळात बसला. ओहोटी लागली की त्याची डोलकाठी पाण्यातून तिरकी बाहेर येई. माणसं तिच्याकडे बघत नसत. जाळी टाकणारेसुद्धा जरा वळसा घेऊन जात. मामंजींनी दोन बैलजोड्या लावून ती काठी ओढून आणली.

सासूबाई अंगणात उभ्या राहून बघत होत्या. "दुसरं लाकूड मिळत न्हाय का?" त्यांनी विचारलं.

"खारं पाणी प्यालेल्या लाकडाला वाळवी तोंड लावत न्हाय," मामंजी म्हणाले. "हे आढं माझ्या नातवंडांना पुरेल."

"माणसं गेलीत तिच्यावर."

"माणसं पाण्यानं गेली. लाकडानं न्हाय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खाऱ्या लाकडाला वाळवी लागत नाही हे त्या किनाऱ्यावर सगळेच जाणत. काठी तासली तशी वरचा काळा थर जाऊन आतून मधाच्या रंगाचं अंग निघालं. त्यावर बारीक भोकं होती, सुईनं टोचल्यासारखी. मी पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांवर बोट फिरवलं होतं. मला वाटलं, खिळ्यांची असतील.

आढं चढवायच्या दिवशी गावातली माणसं मदतीला आली. नारळ फोडला, आंब्याचा टाळा बांधला, आढं खांबांवर बसलं. मग मामंजींनी रिवाजाप्रमाणे त्यावर लाकडी हातोडा मारला. माझे वडीलही असंच करत आणि आम्हा भावंडांना ऐकायला लावत. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं. एका टोकाला आवाज चांगला आला. मधोमध मारलं तेव्हा तो बसका आला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मी मान वर केली. मामंजींनी खाली जमलेल्या माणसांकडे बघितलं आणि लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन तिथं मोठ्यानं मारलं. माणसं गूळ-खोबरं खाऊन घरी गेली.

वैशाखात आम्ही राहायला गेलो. काही दिवसांनी भर उन्हात एक बाई आली. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली, कडेवर सुक्या मासळीची पाटी. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला, पण ती पाणी न पिता माजघराच्या दारातून वर बघत राहिली.

"ती डोलकाठी हीच का, बाय?"

मी हो म्हटलं.

"माझा मालक त्या पडावावर होता. वाचला तो एक जण सांगायचा, की वादळात मालकानं सोताला या काठीला दोरानं बांधून घेतलं. मंग सोडवून घेतलं का न्हाय, ते त्याला ठावं न्हाय." तिनं पाटी खाली ठेवली. "दोराचे वळ दिसतात का तिच्यावर?"

"तासलीय ती," मी म्हटलं. "आता काही दिसत नाही."

तिनं मान हलवली, पाणी प्यायली, "अल्ला खैर करो" म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली. मी हे घरात कुणालाच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माजघरात काम करताना माझी नजर वर जायला लागली.

पाऊस सुरू झाल्यावर आढ्याला घाम फुटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. बाहेर उघडीप असली, कौलं कोरडी असली, तरी आढ्याच्या पोटाला थेंब धरत आणि टपकन खाली पडत. सासूबाई म्हणाल्या, कौल फुटलं असेल. मामंजी वर चढून कौलं सारखी करून आले. थेंब पडतच राहिले. एकदा पाळण्यात मुलीच्या ओठावर पडला आणि तिनं तोंड वेडंवाकडं केलं. मी बोट लावून चाटून बघितलं. खारट.

मग माजघराचं दार उंबऱ्याला घासायला लागलं. मामंजींनी ते रंधून घेतलं. आठवड्यानं पुन्हा घासलं. त्यांनी पुन्हा रंधलं. मला वडिलांकडे पाहून एवढं ठाऊक होतं, की आढं खाली बसलं की वासे पसरतात, वासे पसरले की भिंती बाहेर ढकलल्या जातात, आणि भिंत हलली की ते आधी दाराला कळतं. मामंजींना हे माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक होतं. तरी ते रोज सकाळी शिडी लावायचे, सरकलेली कौलं जागेवर बसवायचे आणि खाली उतरून कामाला निघून जायचे. त्यांच्या तोंडाकडे बघून विचारायची छाती कुणाचीच नव्हती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मला माहेरी न्यायला वडील आले. अंगणात पाय ठेवताच ते थबकले आणि छपराकडे बघत राहिले. मग काही झालंच नाही असं ओटीवर बसले, चहा घेतला, नात मांडीवर घेतली. मामंजी आणि सासूबाई मागच्या दारी गेले तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाय, या घराची पाठ मोडलीय. बाहेरून दिसतंय."

"मला माहीत आहे."

"खाऱ्या पाण्यातला किडा लागला असणार. बाहेरून सुईएवढं भोक, आतून पोळं. पेंढ्याचं छप्पर असतं तर निघाली असती वर्षं. हे भिजलेल्या कौलांचं ओझं त्याला पेलायचं न्हाय. तू पोरीचं आवर. आपण दुपारच्या आत निघू."

"मामंजींना सांगा ना."

त्यांनी मान खाली घातली. "मुलीचा बाप हाय मी. त्यांच्या ओटीवर बसून, त्यांचा चहा पिऊन, तुमचं काम चुकलंय असं सांगू? आणि त्यांना कळत न्हाय असं वाटतं तुला?"

मी कपडे बांधले. मुलीला टोपरं घातलं. सासूबाई माजघरात जात्यापाशी उद्याच्या पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांच्या ताटलीत वरून एक थेंब पडला. त्यांनी तो पदरानं टिपला आणि म्हणाल्या, "लवकर ये गं, करमत न्हाय."

मी तशीच ओटीवर गेले. मामंजी निरोप द्यायला उभे होते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "मामंजी, आढं मधे बसकं बोललं होतं. तुम्हीपण ऐकलंत. सासूबाईंना त्याच्याखाली ठेवून मी जाणार नाही."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. मामंजींचा चेहरा आधी लाल झाला, मग सगळं रक्त उतरल्यासारखा पांढरा. मला वाटलं, आता हे मला कायमची माहेरी पाठवतील. त्यांनी दार घासून उंबऱ्यावर पडलेल्या खुणेकडे बघितलं.

"गिरमिट आण," ते म्हणाले.

मी गिरमिट आणून दिलं. ते शिडीवर चढले आणि आढ्याला मधोमध भोक पाडायला लागले. दोन बोटं खोल जाईपर्यंत चांगला, मधाच्या रंगाचा भुसा पडला. मग गिरमिट एकदम सैल होऊन मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा भोकातून काळं पाणी मनगटावरून त्यांच्या कोपरापर्यंत वाहत आलं.

ते खाली उतरले. "व्याही," ते वडिलांना म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. चारचौघांत उतरवायची लाज वाटली."

वडिलांनी पिशवी खाली ठेवली आणि धोतर वर खोचलं. "टेकू कशाचे लावायचे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मामंजींनी आम्हा बायकांना मुलीसकट गोठ्यात जायला सांगितलं. सासूबाईंना उठवायला मला त्यांचा हात धरून ओढावं लागलं. डाळ तिथंच राहिली. पडवीत माडाचे दोन सोट पडले होते. दोघांनी पहिला टेकू उभा केला आणि खाली पाचर ठोकली. गोठ्यातून मला ते ठोके मोजता येत होते. दुसऱ्या टेकूचे ठोके सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या ठोक्यानंतर आवाज आला तो मोडण्याचा नव्हता. कुणी मोठा श्वास सोडावा तसा होता. आणि मग एकामागून एक कौलं.

निम्मं छप्पर माजघरात आलं. जातं, डाळीची ताटली, सासूबाई बसल्या होत्या ती जागा, सगळं त्याखाली गेलं. पहिल्या टेकूनं दुसरी बाजू धरून ठेवली होती आणि मामंजी त्या बाजूला उभे होते. वडील दुसऱ्या टेकूपाशी वाकले होते. मोडलेल्या आढ्याचं टोक त्यांच्या गुडघ्यावर पडलं.

मामंजींनी एकट्यानं ते उचललं. नंतर तेच तुकडे चार माणसांनी बाहेर नेले. आतून ते खरंच मधाच्या पोळ्यासारखे होते.

हाड बसवणाऱ्या वैद्यानं पाय बांधला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. दोन महिने वडील आमच्या पडवीत निजून होते. मामंजी त्यांची सगळी सेवा स्वतः करत, आम्हाला हात लावू देत नसत. वडील आता कधी छपरावर चढणार नव्हते, आणि तिकडे डोंगरात त्यांनी तीन घरं बांधून द्यायचा शब्द दिलेला होता.

दिवाळीनंतर मामंजींनी आमच्या घरावर पेंढा घातला, हत्यारांची पिशवी घेतली आणि मला, मुलीला घेऊन माझ्या माहेरी आले. सासूबाई त्यांच्या धाकट्या बहिणीकडे राहिल्या. आमच्या घरी त्या पुन्हा कधी माजघरात निजल्या नाहीत. तीन वर्षं, सुगी झाल्यावर, मामंजी असे येत राहिले. बुटक्या घरांचा हा माणूस उंच, उतरत्या छपरांवर पाय घसरत चढायचा. वडील खाली खाटेवर पाय लांब करून बसत आणि सांगत, "छपराला अजून चढ द्या, व्याही. अजून." मामंजी निमूट चढ देत. सोसाट्याचा वारा आला की मी दोघांकडेही बघायचं टाळायची.

शेवटच्या घराचं काम चालू असताना मी एकदा वडिलांजवळ बसले होते. ते दगडावर पटाशीला धार लावत होते. मी विचारलं, "बाबा, मी त्या दिवशी बोलले नसते तर?"

त्यांनी पटाशी उन्हात धरून बघितली.

"तर आपण तिघं दुपारच्या आत निघालो असतो," ते म्हणाले. "संध्याकाळी नीट घरी पोचलो असतो."

पुढं ते काही बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी पटाशी उलटी करून पुन्हा दगडावर धरली. वरून मामंजींनी वाशांवर ठोकायच्या रिपा मागितल्या, म्हणून मी उठले.