बाहेरचा नळ

सोफ्यावर पाठ टेकल्या टेकल्या विभावरीबाईंचे डोळे मिटू लागतात. मांडीवर जुन्या टॉवेलांचा गठ्ठा आहे. टेक्सासमधल्या एल पासोच्या या वाळवंटात काल लोक अर्ध्या बाह्यांनी फिरत होते, आज दुपारपासून पारा कोसळतोय. पाणी गोठून फुटू नये म्हणून अंधारायच्या आत अंगणातला नळ या टॉवेलांत गुंडाळायला हवा. पाच मिनिटं पडू आणि उठू, असं त्या मनाशी म्हणतात.

तोच त्यांचे यजमान अच्युतराव स्वयंपाकघरातून येतात. गेल्या जानेवारीत अशाच गारठ्यात तो नळ गुंडाळायला ते बाहेर गेले, बर्फावरून पाय घसरून पडले आणि जागच्या जागी गेले. अंगात आजही तोच तपकिरी स्वेटर.

"अगं, सिंकचा नळ बारीक सोडून ठेव. वाहतं पाणी लवकर गोठत नाही. आणि खालचं कपाट उघडं ठेव, घरातली ऊब पाइपांना लागू दे."

"ठेवते. तुम्ही बसा आधी."

"बाहेरचा राहिलाय ना."

त्या दिवशी विभावरीबाईच त्यांना म्हणाल्या होत्या, सगळ्यांचे नळ गुंडाळून झाले, तुम्ही कधी उठणार?

"राहू द्या तो. फुटला तर फुटला," त्या म्हणतात.

"हे त्या दिवशी म्हणायचं होतंस."

आवाजात राग नाही. म्हणूनच ते जास्त लागतं.

त्या सिंकखालचं कपाट उघडतात. आत पाइप नाहीत, अंगण आहे, वाळू पांढरी पडलेली. अच्युतराव पाण्याच्या मीटरच्या खड्ड्याशी वाकून, घराचं पाणी बंद करायच्या मुख्य व्हॉल्व्हचा गंजलेला दांडा ओढताहेत.

"धर गं जरा. माझ्याच्यानं फिरत नाही."

दोघं मिळून जोर लावतात. त्यांचा हात हाताला लागतो, पण तो गारही नाही, ऊनही नाही. दांडा जरासा हलतो आणि अडतो.

"आत चला आता," त्या विनवतात.

"कुठे आत?"

त्या वळून बघतात. मागे घर नाही. नजर पोचेल तिथवर वाळू.

"मी तसं बोलायला नको होतं हो."

त्या पुन्हा सगळा जोर लावतात, तेव्हा दांड्यावर त्यांचा एकटीचाच हात असतो.

भिंतीत काहीतरी काडकन फुटतं आणि विभावरीबाई जाग्या होतात. बाहेर दिवस मावळलाय. स्वयंपाकघरातून पाणी फरशीवर पसरत त्यांच्या पावलांपाशी येतंय. उठायला हवं. त्या उठत नाहीत. उजवा हात चुरचुरतोय म्हणून मूठ उघडून बघतात. तळव्यावर गंजाचा आडवा, तांबूस पट्टा उमटलाय.