मंद ठिपका

माझी जुळी बहीण रेवा मला तिची प्रयोगशाळा दाखवत होती. टेबलावर केसाइतकी बारीक काचेची तार होती. तिच्यातून जाणारा लाल प्रकाश पुढे दोन तारांत वाटला जात होता आणि पडद्यावर दोन ठिपके पडत होते, आमच्यासारखेच हुबेहूब.

"दिसतात सारखे, पण एकाची लहर उभी आणि दुसऱ्याची आडवी," रेवा म्हणाली. "तारेत एक भरभर जातो, दुसरा जरा मागे राहतो. आम्ही त्यांना जलद आणि मंद म्हणतो."

मंद. हा शब्द माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. पाहुणे आले की आई आम्हा दोघींना पुढे करून सांगायची, "ही हुशार. आणि ही जरा मंद आहे, पण स्वभावाने गोड हो!" त्या 'गोड'चा मला अजून राग येतो. इथे मात्र मंद ठिपकाही तेवढाच लख्ख होता. प्रकाशाला आई नसते, पाहुणे नसतात; मागे राहिला म्हणून त्याचा उजेड कुणी कमी धरत नाही. मला त्या ठिपक्याचासुद्धा हेवा वाटला. रेवाचा तर नेहमीचाच.

तिने माझ्या हातात एक काळसर काच दिली. "ही एकाच दिशेची लहर पार जाऊ देते. पडद्यासमोर धरून फिरव. एक ठिपका विझेल."

"यातला जलद कुठला?"

"डावीकडचा."

डावीकडचा पार विझेपर्यंत मी काच फिरवली.

"अगं, किती पटकन जमलं तुला!" रेवा मनापासून म्हणाली.