गोजरबाईचा पहारा

गोजरबाई आणि मारुती यांचं भांडण चैत्र लागला तेव्हा सुरू झालं, आणि आधीच सांगून ठेवतो, कुरापत मारुतीची होती.

गाव धामणगाव बढ्याच्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही. देवळातल्या यंदाच्या सप्ताहापायी तिथं आधीच पुष्कळ तोंडं फिरलेली आहेत, आणखी कशाला? तिथल्या मारुतीच्या देवळाचा सभामंडप गोजरबाई बावीस वर्षं झाडते आहे. नवरा गेला त्या साली तिने हे काम स्वतःहून मागून घेतलं. चार एकर कोरडवाहू, मलकापूरला कापडाच्या दुकानात कामाला जाणारा मुलगा गोकुळ, त्याची बायको सुचिता, आणि हे देऊळ, एवढा तिचा पसारा. झाडू मारायचा तो गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत. पायरी बाईने चढायची नाही, देव ब्रह्मचारी आहे. गोजरबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. ती लांबूनच त्याच्याशी बोलायची. तुरीला अळी लागली ते सांगायची, गुडघा ठणकतो ते सांगायची. बावीस वर्षांत त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.

यंदा दिलं. अंगात आलं नाही, स्वप्न पडलं नाही. हातात झाडू होता, सकाळचे सात वाजले होते, आणि कुणी शेजारी उभं राहून सांगावं तसे शब्द तिच्या काळजात येऊन बसले. औंदा सप्ताहात वीणा तू धर.

तिने आधी मागे वळून पाहिलं. मग गाभाऱ्याकडे पाहिलं.

"तू तं बाईले पायरी चढू देत नाही, अन् मले वीणा धर म्हनतं? दुसरं कोनी नाही भेटलं काय तुले?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने कारणं सांगितली. मी विधवा बाई. मला हरिपाठाचे पहिले चार अभंग येतात, पुढे नुसते ओठ हलतात. माझा गुडघा गेलेला. आणि सप्ताह समितीचे अध्यक्ष शंकरराव काय म्हणतील? देवाने एकाही कारणाला उत्तर दिलं नाही, नुसतं आपलं पालुपद चालू ठेवलं. शेवटी ती चिडून दोन दिवस झाडायलाच गेली नाही. घरी भाकरी थापतानाही तेच. देव झाला म्हणून काय झालं, समोरच्याची ऐपत पाहून सांगावं माणसाने, असं ती शेजारणीला म्हणाली. शेजारणीला वाटलं, गोकुळबद्दल बोलते आहे.

तिचं घाबरणं वावगं नव्हतं. हनुमान जयंतीच्या त्या सप्ताहात सात दिवस, आठही प्रहर वीणा उभ्या माणसाच्या खांद्यावर असते. दोन-दोन तासांनी पहारा बदलतो. वीणा जमिनीला टेकली, खांबाला लावून ठेवली, की सप्ताह मोडला. चौसष्ट वर्षांत ती टेकलेली नव्हती. आणि हातातून हातात देण्याची रीत अशी, की घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं आणि देणाऱ्याने घेणाऱ्याच्या. लहानमोठं पाहायचं नाही. पुरुषापुरुषांत हे सुरळीत चालायचं, कारण बाईच्या हातात वीणा कधी गेलीच नव्हती. भिंतीवर पहारेकऱ्यांची बारा नावं रंगवलेली होती. त्यातली पाच आता पुण्याला आणि सुरतेला कामाला होती, त्यांच्या नावांना मात्र दरवर्षी नवा रंग लागायचा.

सप्ताहाचा तिसरा दिवस, दुपारी बाराचा सुमार. ऊन असं, की गाव पंखे लावून घरात पडलं होतं. मंडपात पहाऱ्यावर एकटे निवृत्तीबाबा, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांच्या पुढचे दोघे लग्नाच्या वऱ्हाडात निघून गेलेले, म्हणून बाबा सकाळी आठपासून उभे होते. गोजरबाई सांडलेला बुक्का झाडत होती. तिला बाबांचे डोळे फिरलेले दिसले. झाडू टाकून ती धावली, एका हाताने वीणेची दांडी धरली, दुसरा हात म्हाताऱ्याच्या कमरेला घातला. बाबांना तिने खांबाशी बसवलं. वीणा तिच्या हातात राहिली, अधांतरी.

बाबांनी बसल्या बसल्याच सरकून तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

"बाबा, काऊन करता असं?"

"रीतच हाये माय. घेतली तू. आता खाली ठेवजो नोको."

ती वाकली, वीणा वर धरून त्यांच्या पाया पडली. मग उठून गाभाऱ्याकडे बघत म्हणाली, "म्हातारा पाडून वीणा देतं काय बे? हे बरं नाही केलं तू."

बाबांना जीपमध्ये घालून मलकापूरला नेलं. ऊन लागलं होतं, सलाईनवर माणूस वाचला. इकडे दोन वाजता पुढचा पहारेकरी गोपाल आला, आणि खांबाजवळ वीणा घेऊन उभी असलेली गोजरबाई पाहून दारातच थबकला. तरणाताठा माणूस, मनाने वाईट नाही, पण त्याची पंचाईत झाली. वीणा घ्यायची तर या झाडूवालीच्या पाया पडावं लागणार. त्याने हळूच सुचवलं, काकू, घडीभर खांबाला टेकवा, मी तिथून उचलतो. गोजरबाई म्हणाली, टेकवायचीच असती तर मी धरली कशाला असती? गोपाल गेला तो समितीच्या अध्यक्षांना घेऊन आला.

शंकरराव म्हणजे वीस एकरांचे धनी, वय सत्तरीकडे झुकलेलं. कुणाच्या घरी मयत असो की लग्न, सर्वांत आधी धावून जाणारा माणूस. पण बावीस वर्षं आपण समितीचे अध्यक्ष आहोत हे ते झोपेतही विसरत नसत. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि निर्णय दिला, बाईच्या हातून वीणा घेण्याची चाल नाही. मंडपात चार-सहा जण जमले, बाजूला कुजबुज झाली. ओढून घ्यावी तर वीणा आपटली म्हणजे पाप आपल्या माथी. त्यापेक्षा वाट पाहू. कुणीतरी म्हणालं, आणि मुद्दाम फार हळू म्हणालं नाही, "थकंल अन् ठेवील. मंग शुद्ध करून घेऊ."

तिच्या डोक्यात सणक गेली. तोवर तिने वीणा धरली होती ती हातात आली म्हणून. आता ती धरायची म्हणून धरली. दहा दिवस ज्या देवाशी भांडत होती त्याला तिने मनातल्या मनात सांगून टाकलं, आता तू नको म्हटलं तरी ठेवत नाही.

दुपार गेली. संध्याकाळी हरिपाठाला टाळकरी आले, तिच्या भोवती उभे राहिले, तिच्याकडे न बघता म्हणू लागले. चार अभंगांपर्यंत तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. पावलं सुजली, गुडघ्यात आग आग झाली. त्याहून मोठी अडचण अशी, की ती सकाळपासून बाहेर जाऊन आली नव्हती. बाईमाणसाला असलं काही असतं हे त्या मंडपात एकालाही सुचलं नाही. दिवेलागणीला हरिपाठ संपून माणसं पांगली तेव्हा ती खांबाजवळ दात आवळून उभी होती, आणि आणखी किती वेळ निभेल हे तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हा सुचिता आली.

दोन वर्षं सासू-सुनेत बोलणं नव्हतं. एका घरात दोन चुली. नातीच्या बारशाला भरल्या पंगतीत भाजी खारट झाली, तेव्हा गोजरबाई म्हणाली होती, हिच्या आईनेच हिला काही शिकवलं नाही. सुचिताची आई चार पाटांवर समोरच बसलेली होती. ती बिचारी ताटावरून उठली नाही, जेवलीही नाही. चूक आपली, हे गोजरबाईला त्याच रात्री कळलं होतं. पण सुनेपुढे नमतं घ्यायचं कसं, या विचारात दोन वर्षं निघून गेली होती.

सुचिताने पदर खोचला. दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, "द्या आत्याबाई." आणि एक क्षणही न दवडता वाकून सासूच्या पाया पडली.

आता पाळी गोजरबाईची. देणाऱ्यानेही पडायचं असतं. सुनेच्या पायांवर हात. शंकररावांची कंबर का वाकत नाही, हे तिला त्या घटकेला आपल्याच कमरेत कळलं. तिला वाटलं, नको, उभी राहीन सकाळपर्यंत, मरून जाईन इथंच. सुचिता हात पुढे करून उभी राहिली. गोजरबाईला रडू आलं ते पायांच्या दुखण्याने नव्हे. वीणा जड असेल, पुरुष बोलतील, या सगळ्याची भीती तिने देवाला बोलून दाखवली होती. पण सुनेच्या पाया पडावं लागेल हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कारणांमध्ये धरलं नव्हतं.

ती वाकली. सुनेच्या जोडव्यांना हात लावून कपाळाला लावला.

"तुह्या मायले बोलली ते चुकलं माह्यं," ती खालूनच म्हणाली.

"आधी बाहेर जाऊन या," सुचिता म्हणाली, "मंग बोलू."

त्या रात्रीच्या कीर्तनात बुवांच्या मागे वीणा घेऊन सुचिता उभी होती. बुवा बाहेरगावचे, त्यांनी चष्मा नीट करून एकदा पाहिलं आणि अभंग लावला. रात्रभर सासू-सुनेने आळीपाळीने वीणा धरली, चौथ्या दिवशी शेजारीण आली. पाचव्या दिवशी शाळेतल्या पुष्पांजली मॅडम सुटी टाकून आल्या. सहाव्या दिवशी आठ बायका झाल्या. त्यांच्यात दोघी बांधावरून कोर्टात गेलेल्या होत्या. त्यांची केस मिटली नाही, तारीख अजून चालू आहे, पण वीणा घेताना दोघी एकमेकींच्या पाया पडल्या हे मात्र खरं. त्याच दिवशी पहाटे गोपाल आंघोळ करून आला, गोजरबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि म्हणाला की काकू, तीन दिवस झोप नाही. तिने त्याच्या पाया पडून वीणा दिली. समितीवाल्यांनी गोपालशी बोलणं टाकलं.

सातवा दिवस काल्याचा. कीर्तनाआधी गावप्रदक्षिणा, दिंडीच्या पुढे वीणा, आणि ती वीणा बावीस वर्षं शंकररावांच्या खांद्यावर. मंडप माणसांनी फुलला होता. वीणा गोजरबाईकडे होती. शंकरराव नवी टोपी घालून समोर आले, हात पुढे केले.

"द्या गोजरबाई. लय सोसलं तुमी. आता आराम करा."

"देते की," ती म्हणाली.

आणि सगळ्या गावादेखत ती आधी वाकली. वीणा एका हाताने वर, दुसरा हात शंकररावांच्या पावलांवर. उठली, वीणा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली, आणि थांबली.

शंकररावांची नजर तिच्या पायांकडे गेली. सुजलेली पावलं, टाचांच्या भेगांत माती. ते थोडे वाकले. खरंच वाकले, तिने पाहिलं. मागे कुणीतरी खाकरलं आणि ते ताठ झाले. हात आपल्याच गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "वाकता येत नाही हो आजकाल."

गोजरबाईला वाईट वाटलं. ते वाकणं किती जड असतं हे त्या मंडपात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण दया आली म्हणून वीणा देता येत नाही.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "जवा वाकता येईल तवा या. मी हाये उभी."

वीणा खांद्याला लावून ती वळली आणि दाराकडे चालू लागली. दिंडी वीणेच्या मागे चालते, वीणा कुणाच्या खांद्यावर आहे हे पाहून चालत नाही. आधी गोपालचा टाळ वाजला. मग सुचिता निघाली, बायका निघाल्या, मग टाळकरी, मग नजर चुकवत समितीतली दोघं-तिघं. मंडप रिकामा झाला. शंकरराव खांबाजवळ एकटे उरले.

वेशीपाशी दिंडी वळली तेव्हा सुचिताने मागे पाहिलं आणि सासूला हळूच सांगितलं, शंकरराव येऊन राह्यले, सगळ्यांच्या मागून, टोपी हातात घेऊन. गोजरबाई थांबली नाही. फक्त म्हाताऱ्या माणसाला गाठता यावं एवढी तिने चाल कमी केली.