रेवतीने पुरी केलेली आवणी

रेवती गेल्याचा फोन मला आला तेव्हा इम्रान मालेगावहून निघालेल्या बसमध्ये होता. नव्या व्हिडिओ गेमचा पहिला तुकडा तिला दाखवायला तो येत होता. बसमध्ये एकट्याला हे कसं सांगायचं… म्हणून मी नाशकात द्वारक्याच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. तो उतरला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉपची बॅग छातीशी धरून तिथेच कडेला बसला. "ताईने आजच ये म्हटलं होतं," एवढंच म्हणाला.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. नाशकात व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांची एक टोळी आहे, हे आजही अनेकांना ठाऊक नाही. कुणी नोकरी सांभाळून, कुणी शिकता शिकता, आम्ही आपले छोटे छोटे गेम करतो. पूर्वी जो तो आपल्या खोलीत बसून करायचा. रेवती पुण्यातली नोकरी सोडून परत आली आणि तिने कॉलेज रोडवर मैत्रिणीच्या क्लासची खोली रविवार सकाळसाठी मागून घेतली. नियम एकच. आपला गेम दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि तो खेळत असताना तोंड उघडायचं नाही. मी तो पहिल्याच दिवशी मोडला. खेळणारा माझ्या गेममधल्या भिंतीला धडका मारत होता, मला राहवेना. "अरे, उडी मार ना!" रेवती शांतपणे म्हणाली, "गेम घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणार आहेस का हे? गप्प बस." बसलो. आणि आपला गेम कुठे चुकलाय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

इम्रान आला तो यंत्रमागाच्या तालावरचा गेम घेऊन. ताल चुकला की धागा तुटायचा. "यात मारामारी कुठंय?" म्हणून कुणीतरी हसलं. रेवतीने हेडफोन चढवले. हरली, पुन्हा खेळली, पुन्हा हरली. "आवाज खरा वाटतो. कुठून आणलास?"

"घरातूनच, ताई. आमच्या भिंतीपलीकडे माग चालतात."

"मग गेममध्ये ती भिंत दाखव की! घर दाखव."

त्यातून जो गेम झाला तो आज कुठल्या कुठल्या देशांतले लोक खेळतात आणि खाली आपापल्या भाषेत दोन शब्द लिहून जातात.

तिचा स्वतःचा गेम मात्र रेंगाळला होता. ती घोटीची. तिथल्या भातशेतीचं सगळं वर्ष तिला त्यात आणायचं होतं… पेरणी, आवणी म्हणजे रोपांची लावणी, कापणी, गिरणी, बाजार, जत्रा. दरवर्षी त्यात भरच पडायची. मग आजार निघाला आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. आम्ही धीर द्यायला म्हणून गेलो, तर बाईसाहेब पलंगावर लॅपटॉप घेऊन गेममधलं एकेक सपासप पुसत होत्या. जत्रा गेली, बाजार गेला, गिरणीही गेली. मी चिडलो. "अगं, इतक्या वर्षांचं काम आहे!"

"वाया नाही जात रे. त्यातूनच मला कळलं, मला काय करायचंय ते," ती म्हणाली. "एक खाचर, एक आवणी. एवढं मी पुरं करणार."

आणि केलं. सुजलेल्या बोटांनी, स्वतः. गेम लोकांसाठी खुला केला त्या दिवशी तिने हट्टाने मिसळ मागवली, दोनच घास खाल्ले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "झाला बरं का माझा गेम!" त्या चेहऱ्यावर आजाराची सावलीही नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर तिचे वडील, नाना, घोटीहून आमच्या खोलीवर आले. लेक काय करते असं कुणी विचारलं की ते "काम्पुटरचं करती" म्हणून विषय संपवायचे. आल्या आल्या म्हणाले, "तिचं ते काय हाय, ते दाखवा मला."

इम्रानने त्यांना खुर्ची दिली, माऊस हातात दिला. पडद्यावर बांध उमटले, मागे डोंगर, पुढे भाताची कोवळी रोपं. नाना नुसते बघत राहिले. आम्हाला वाटलं, त्यांना कळत नसावं.

"नाना, इथं बोट दाबा," इम्रान वाकून म्हणाला. "मग सुरू होतं."

"थांब रे जरा," नाना म्हणाले. "रोपांवर वारा आलाय. बघू दे."