स्टोअरचा रिपोर्ट

हेब्बाळच्या कारखान्यात डेटाबेस माझ्याकडे होता. स्टोअरमधल्या बाई रोज रिपोर्ट लावून माझ्याशेजारी येऊन बसायच्या, कारण तो निघायला अर्धा तास लागे. तेवढा वेळ आम्ही मराठी बोलायचो, कानडी मिसळलेलं. माझ्या घरात मुलं कानडीच बोलत.

एका रविवारी मी डेटाबेसची साफसफाई केली. पुसलेल्या नोंदींची जागा टेबलांत तशीच अडून होती, ती सोडवली आणि इंडेक्स नव्याने बांधले. सोमवारी रिपोर्ट चुटकीसरशी निघाला. साहेबांनी पाठ थोपटली.

बाई आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. मीही गेलो नाही. कारण काय सांगणार? मूर्खासारखं चोख काम केलं होतं.

महिन्याने जिन्यात भेटल्या. “रिपोर्ट आता फार लवकर येतो हं,” म्हणाल्या. कानडीत.