बंद न होणारं इंजिन

कारखानेवाले तिला सूनबाईच म्हणत. सासरे जनरेटरचे जुने मिस्त्री. त्यांचा जोडीदार काम सोडून गेला तेव्हा ही चार दिवस टॉर्च धरायला म्हणून गेली आणि त्या कामाला कायमचीच चिकटली. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. सुटीवर आला की हिच्या हातांना डिझेलचा वास येतो म्हणून कुरकुरायचा. मामंजी त्याला म्हणायचे, "तुझ्या हातांना कुठे अत्तराचा येतो?"

त्या दुपारी दोघं खोक्यांच्या कारखान्यात सर्व्हिसिंगला गेली होती. जनरेटर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारीच डिझेलची टाकी. तिने इंजिनमधलं जुनं तेल काढलं, नवं भरलं आणि पंख्याचा पट्टा आणायला गाडीकडे जाता जाता सांगितलं, "मामंजी, तेल भरलंय."

"बरं."

परत येऊन तिने पट्टा चढवला. "सगळं बघितलंत ना?"

"बघितलं की. दाब बटण."

मामंजींनी बघितलं म्हटल्यावर ती पुन्हा कधी बघत नसे. त्या दिवशीही तिने बघितलं नाही.

इंजिन सुरू झालं, थोडा वेळ नीट चाललं. मग आवाज चढू लागला. कोणी वेग वाढवला नव्हता, तरी तो चढतच गेला. निळसर पांढऱ्या धुराने शेड भरली. तिने बंद करायचं बटण दाबलं, काही नाही. मामंजींनी धावत जाऊन टाकीचा कॉक फिरवून डिझेल बंद केलं. इंजिन आणखीच किंचाळायला लागलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं, स्वतःचंच तेल ओढून जाळत होतं. त्याची हवा तोडली तरच ते थांबणार होतं, नाहीतर फुटणार होतं.

धूर बघून कामगार दाराशी जमले. "मागे व्हा! भिंतीपलीकडे जा सगळे!" ती ओरडली. मामंजी मात्र कॉकपाशीच. बंद करत होते, उघडत होते, पुन्हा बंद करत होते.

"मामंजी, बाहेर या!"

ते हलेनात. तिने त्यांचा दंड धरला आणि ओढतच बाहेर नेऊन एका कामगाराच्या हवाली केलं. सासऱ्यांना तिने असा हात कधी लावला नव्हता.

दाराजवळ माल ठेवायची एक जाड फळी पडली होती. ती उचलून सूनबाई पुन्हा आत शिरली. पायाखालची जमीन थरथरत होती, धुराचा पाइप लालबुंद झाला होता. हवेच्या फिल्टरच्या क्लिपा उघडताना बोटं भाजली. फिल्टर निघाला आणि हवा ओढणाऱ्या उघड्या पाइपने तिच्या बाहीचं टोक आत खेचलं. हिसडा मारून तिने हात सोडवला, बाही टरकन फाटली. मग दोन्ही हातांनी फळी पाइपच्या तोंडावर आपटली.

फळी चिकटून बसली. इंजिनला आचके आले. एक, दोन, आणि ते थांबलं.

ती खाली बसली. समोर तेलाचे दोन डबे होते. तिने एकच उघडला होता. रिकामे मात्र दोन्ही होते.

मॅनेजर धापा टाकत आला. "काय झालं हो, मिस्त्री?"

"तुमच्या डिझेलमध्ये कचरा असणार," मामंजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"नाही साहेब," ती उठत म्हणाली. "तेल दोनदा भरलं गेलं, जास्तीचं इंजिनने ओढलं. चूक आमची आहे. इंजिन आम्ही उघडून दुरुस्त करून देऊ."

मामंजी तिच्याकडे बघत राहिले. गाडी निघाल्यावर त्यांनी विचारलं,

"दुसऱ्यांदा कोणी भरलं?"

"तुम्ही."

"तू भरलंस हे मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं, मामंजी. तुम्ही बरं म्हणालात."

ते खिडकीबाहेर बघू लागले. तसंच बाहेर बघत म्हणाले, "परवा दळण आणायला गेलो ना, घराचं वळणच सापडेना. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मग शेजारचे मास्तर दिसले, त्यांच्या मागेमागे आलो."

तिने गाडी कडेला घेतली. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

तिने खरंच बसवलं असतं.

नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी फोन केला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजार बरा होणारा नाही, सावकाश वाढेल, असं कळलं. नवरा म्हणाला, आता घरीच राहू देत. पण खोक्यांच्या कारखान्यातलं इंजिन उघडायचा दिवस आला तेव्हा मामंजी सकाळीच बूट घालून दारात उभे होते. ती त्यांना घेऊन गेली. अट एकच घातली: तिने सांगितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. ते इतके चिडले की दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. स्टुलावर बसून पिस्टनच्या रिंगा तेवढ्या पुसून देत राहिले.

याला बरेच महिने झाले, ते अजून तिच्याबरोबर जातात. हल्ली वाटेत विचारतात, "कुठे चाललोय आपण?"

"बर्फाच्या कारखान्यात, मामंजी."

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारतात. ती पुन्हा सांगते.